आपांच्या घरचं पीठ

त्या दिवसांत मी प्रार्थना करीत होते, पण नुसती तोंडानं. गुडघे टेकले की शब्द सवयीनं यायचे आणि मन मात्र धाकट्या भावापाशी जाऊन बसायचं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात तो परभणीहून हैदराबादला आमच्याकडे येत होता. वाटेत गाडीवर हल्ला झाला आणि त्यात तो गेला. कोणी मारलं ते आजवर कळलं नाही. आई तेव्हापासून बोलेनाशीच झाली होती. स्वयंपाक करायची, पण भाजीत कधी मीठ नसे, तर कधी दोनदा पडलेलं असे. मी मुकाट्यानं खायची. देवाला काही विचारावं असंही वाटत नव्हतं, कारण तो उत्तर देईल हा भरवसाच उरला नव्हता.

बरकतपुऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी नारायणगुड्याच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. शेजारच्या घरात मुन्शीसाहेब आणि त्यांची बेगम राहायचे. मुन्शीसाहेब कचेरीत उर्दू कारकून, पन्नाशी उलटलेले, आवाज इतका हळू की समोरच्याला कान द्यावा लागे. बेगमना मी आपा म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोन्ही घरांत भिंत एक आणि आड एक. वाईट दिवसांत गल्लीतली माणसं सोलापूरकडे, बेजवाड्याकडे निघून गेली, तेव्हा एका दुपारी हत्यारबंद रझाकार पोरांचं टोळकं आमच्या दाराशी आलं होतं. मुन्शीसाहेब चपलासुद्धा न घालता धावत आले, आमच्या ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "ये मेरी बहन का घर है. पहले मेरे कू मारना, फिर अंदर जाना." टोळकं परत गेलं. हे मी दाराच्या फटीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि तरीही मी सही केली.

हिंदुस्थानी फौज आली आणि गल्लीचं वारं फिरलं. चार प्रतिष्ठित माणसांनी एक अर्ज तयार केला: मुन्शीसाहेबांच्या घरात रझाकारांची हत्यारं ठेवलेली होती आणि खाली सह्या करणाऱ्यांनी ती पाहिली आहेत. अर्ज माझ्याकडे आणला, कारण मास्तरीणबाईंच्या सहीला वजन. त्या घरात मी पाहिलेलं सगळ्यांत धारदार हत्यार म्हणजे आपांचा अडकित्ता! पण मला त्या क्षणी मुन्शीसाहेब दिसलेच नाहीत. भाऊ दिसला. कुणीतरी भोगलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मी दौत पुढे ओढली आणि शाळेच्या हजेरीवर करते तशी स्वच्छ, वळणदार सही केली. तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेले.

आता आमच्या ख्रिस्ती मंडळीची एक चाल सांगते. येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटून घेतात ते प्रभुभोजन; त्याच्या आधीच्या आठवड्यात मंडळीचे पाळकसाहेब घरोघर येत आणि एकच प्रश्न विचारत: "कोणाशी वैर उरलंय का?" उरलं असेल तर आधी जाऊन समेट करायचा, नाहीतर रविवारी मागच्या बाकावर बसायचं, भाकर आणि प्याला घ्यायचा नाही. ही चाल चांगलीच होती, पण आम्ही तिला एक गुपचूप कुंपण घातलं होतं. वैर मोजायचं ते मंडळीतल्या माणसांपुरतं. लोणच्याच्या बरणीवरून भांडलेल्या दोन बायका मागच्या बाकावर बसलेल्या मी पाहिल्या आहेत; पण बाहेरच्या कुणाशी आपण कसे वागलो, हे त्या प्रश्नात येतं असं आमच्या कुणाच्या डोक्यातही नसे. पाळकसाहेबांनी मला विचारलं तेव्हा मी बेधडक "नाही" म्हणाले. तेव्हा मला ते खोटंही वाटलं नाही. माझ्याएवढी आंधळी मीच काय ती!

त्या रविवारी भाकर करायची पाळी माझी होती. भाकर म्हणायची पद्धत, असते ती गव्हाची बिनखमिराची जाड पोळी. पीठ रेशनचं, त्यात खडे आणि सोंडे. शनिवारी दुपारी मी ते चाळत बसले होते, तेवढ्यात मागच्या दारी आपा आल्या. मुन्शीसाहेबांना नेल्यापासून मी त्यांना टाळत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं; त्या आडावर दिसल्या की माझी घागर घरातच राही. त्या वाळल्या होत्या. हातात फडक्याखाली झाकलेलं ताट होतं.

"बाई, कल तुम्हारी पाली है ना, रोटी की?" त्या म्हणाल्या. "लेव, आटा. घर की चक्की का है."

दर वेळी माझी पाळी आली की त्या असंच पीठ देत. त्यांच्या गावाकडून गहू येई आणि तो त्या स्वतः जात्यावर दळत. पण या वेळी घरात कर्ता माणूस नव्हता, गावाकडून काही येण्याची आशा नव्हती. ताटात दोन ओंजळी पीठ होतं. मी ते माझ्या परातीत ओतून घेतलं आणि ताट परत दिलं. त्या गेल्या आणि मी चुलीपाशी बसून भाकर केली. कुठे थांबावं हे मला कळतच नव्हतं.

रविवारी उपासना सुरू होण्याआधी मी भाकर घेऊन पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. मेजावर ठेवायला गेले आणि ठेवता येईना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: अर्ज, सही, हे पीठ कुणाचं आहे ते. पाळकसाहेबांनी पुढ्यातली वही मिटली.

"बाई, हा प्रश्न मीसुद्धा इतकी वर्षं कुंपणाच्या आतच विचारत आलो," ते म्हणाले. "भाकर इथे राहू द्या. तुम्ही आधी तिकडे जाऊन या."

मी तशीच निघाले. आपा अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी म्हणाले, "आपा, त्या अर्जावर माझी सही आहे. मी काही पाहिलं नव्हतं. मी खोटं लिहून दिलं." एवढं बोलायला मला किती वेळ लागला, देव जाणे.

त्यांनी ओढणी नीट पिळली, दोरीवर टाकली. "मालूम है. लेके गए उसी दिन सब के नाम पढ़ के सुनाए."

"मग पीठ?"

"तुम से नाराज हूँ बाई, भोत नाराज हूँ," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. "मगर वो आटा तो ऊपरवाले के नाम का था. उससे काय कू रूठना?"

मी तिथेच खाली बसले आणि रडले. भाऊ गेल्यावर मी रडले नव्हते. ते सगळं त्या अंगणात निघालं. आपांनी मला जवळ घेतलं नाही, पण ऊठही म्हणाल्या नाहीत. त्या शेजारी उभ्या राहिल्या.

सोमवारी शाळेत न जाता मी चौकशीच्या कचेरीवर गेले. पहारेकरी आत सोडेना. बाहेर चिंचेखाली एक म्हातारे गृहस्थ लोकांचे अर्ज लिहून देत बसले होते, तेलुगू बोलणारे. मी त्यांना सही मागे घ्यायची आहे म्हणून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, लिखने कू लिखतूँ. मगर नौकरी जाती. पकड़ते भी तुम कू." मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं, कागद वाळवला, आणि मग पेटी शेजाऱ्याच्या हवाली करून स्वतः माझ्याबरोबर उठले. पहारेकऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं वाट दिली. आतला अधिकारी मद्रासकडचा, त्याला माझी भाषा येत नव्हती. या म्हाताऱ्यांनी माझं एकेक वाक्य त्याला समजावलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "पहिली सही खोटी की ही?" मी म्हणाले, "पहिली." त्यानं ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर म्हातारे म्हणाले, "मेरा घर भी जले सो है, अम्मा, गाँव में. तुम अच्छा किए." पुढे दोनदा मी त्यांना भेटायला गेले, ते काही दिसले नाहीत. जागा बदलली असेल. मी त्याला चमत्कार वगैरे नाव देत नाही, फक्त रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

नोकरी गेली. गल्लीत लोक मला पाहून दार लावून घेऊ लागले. एकीनं तर तोंडावर विचारलं, भावाला इतक्यात विसरलीस का? मी घरी शिकवण्या घेऊ लागले. मुन्शीसाहेब सुटतील असा भरवसा कुणी देत नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून म्हणाले, "प्रभो, मला जेवढं करता आलं तेवढं केलं, आता तू पाहा." त्या रात्री मला शांत झोप लागली.

दीड महिन्यानं ते सुटले. दाढी पांढरी झाली होती, अंगरखा खांद्यावरून लोंबत होता. मी दाराआड उभी होते; पुढे व्हायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आमच्या ओट्याशी आले. मी हात जोडून क्षमा मागू लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"वो हो गया, बाई," ते म्हणाले. "मेरा एक काम बाकी है. तुम्हारे मुन्ने भाई की कबर दिखाते क्या? मेरी मिट्टी देनी रह गई."

मग मला आठवलं, किंवा खरं सांगायचं तर जे मी कुणालाही सांगितलं नव्हतं ते समोर आलं. भावाच्या अंत्यविधीला ते कबरीवर माती द्यायला आले होते आणि मुसलमान म्हणून मीच त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

मुन्शीसाहेब, मी आणि आईसुद्धा, असे आम्ही तिघं गेलो. आमच्या मंडळीच्या कबरस्तानात, गवत वाढलेल्या त्या मातीवर मुन्शीसाहेबांनी वाकून तीन मुठी माती घातली, ओठांत काहीतरी म्हटलं. आई कित्येक महिन्यांनी आपणहून बोलली. "भाऊ," ती त्यांना म्हणाली, "आज आमच्याकडे जेवा."

पुढच्या प्रभुभोजनाला मी पुढच्या बाकावर होते. माझ्या भावाला मारणाऱ्यांना मी अजून पूर्ण क्षमा केलेली नाही. ते वैर मी रोज थोडं थोडं देवाच्या हवाली करते आणि रोज थोडं परत घेते. पण एवढं कळलंय की त्याच्या कृपेला कुंपण नाही. ते घालणारे आम्हीच. प्रभो, ज्याच्याविरुद्ध मी खोटी साक्ष दिली, त्याच्याच हातून तू माझ्या भावाला माती दिलीस. तुझे उपकार मी कसे फेडू?