वरच्या डब्यातला भात

काकू स्टीमरचं झाकण मधेच कधी उघडत नसत. कान जवळ नेत आणि सांगत, "अळूवडी झाली. मोदकांना अजून चार मिनिटं." मी तेव्हा गंगापूर रोडला त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू होतो आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. घड्याळ लावून बऱ्याचदा तपासलं. दर वेळी चूक घड्याळाची निघाली.

तो विजेवरचा तीन डब्यांचा स्टीमर त्यांच्या एकुलत्या मुलानं, विलासनं, मस्कतहून पाठवला होता. त्याचे नियम काकूंनी स्वतः ठरवले. बीट-बटाटे खाली, कारण त्यांना वाफ जास्त लागते आणि बिटाचा रंग कुणावर गळत नाही. मधे ढोकळा नाहीतर कोथिंबीरवडी. झाकणाखाली पंचा पसरायचा, म्हणजे थेंब पडून काही चिकट होत नाही.

एकदा महिला मंडळाच्या अध्यक्षा हे सगळं शिकायला आल्या आणि आहारशास्त्रावर स्वतःच बोलत बसल्या. काकूंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वहिनी, तुमचं झालं असेल तर उघडते. ढोकळ्याचं केव्हाच झालंय."

वरच्या डब्यात मात्र रोज एकच वाटी असे. तांदूळ आणि त्यावर बोटाच्या पेरभर पाणी. ती विलासची.

"भात मोकळा झाला की समजायचं, पोरगा आज जेवला."

"आणि नाही झाला तर?"

"म्हणून तर नीट शिजवायचं."

काकूंच्या हाताला चव आहे, असं कॉलनीत सगळे म्हणत. मला ती चव नव्हे, त्यांची भीती वाटे. भात झाला की ती वाटी त्या माझ्यापुढे ठेवत. "घ्या. त्याचं पोट भरलंय."

पुढे विलासची पत्रं थांबली, फोनही थांबले. त्यातच लोडशेडिंग सुरू झालं. एका दुपारी स्टीमर लावून पाच मिनिटं होतात तोच वीज गेली, ती दोन तासांनी आली. खालचे बटाटे दगडासारखे होते. मधला ढोकळा बसला होता. वरच्या वाटीतला भात मोकळा होता आणि त्यातून वाफ येत होती.

"कोंडलेली वाफ असते, काकू," मी म्हणालो.

"असेल. जेवला ना पण?"

मग एके दिवशी नामपूरचा एक माणूस विलासची बॅग घेऊन आला. मस्कतला तो आणि विलास एकाच साईटवर होते. विलास दुसऱ्या कुणाच्या कागदांवर काम करत होता, म्हणून घरी कुणी कळवलं नव्हतं.

"माय, विलास आते नई शे," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. "मागल्या आखाजीलेच गया तो."

मागच्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. वर्षभर भात रोज मोकळा झाला होता. भात नुसत्या वाफेनं शिजतो हे माझं म्हणणं खरं ठरलं होतं, पण ते घेऊन कुठे तोंड लपवावं ते कळेना.

काकू रडल्या नाहीत. स्टीमर चालूच होता. तो माणूस गेल्यावर म्हणाल्या, "मग वर्षभर जेवत कोण होतं?"

"मी, काकू."

"खरं सांगा. पोट भरायचं तुमचं?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असे. पण ती वाटी संपवली की रोज दुपारी मी कोपऱ्यावर जाऊन, दोन दिवसांचा उपाशी असल्यासारखा मिसळ खात होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी मानेनंच नाही म्हटलं.

"तेच म्हणते मी." त्यांनी पदरानं झाकणावरचं पाणी पुसलं. "कुणाचं तरी पोर असेल. पानावरून उठवायचं कसं? उद्यापासून दोन वाट्या लावते. एक तुमची."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटीनं माझं पोट भरू लागलं. दुसऱ्या वाटीचं काय होतं, ते मी खोली सोडेपर्यंत विचारलं नाही.