वाढत्या अंगाची सायकल

मुलगी माझ्याकडे यायला नको म्हणू लागली, तेव्हा मी सायकली घ्यायचं ठरवलं.

बायको दोन्ही मुलांना घेऊन अकोल्याला माहेरी राहायला गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. भांडण संपलं होतं, कारण भांडायला कुणी समोर नव्हतं. ठरलं एवढंच, की महिन्यातून दोन रविवार मुलं अमरावतीला माझ्याकडे येतील. पण जबरदस्ती करायची नाही. मुलगा तीन वर्षांचा, त्याला उचलून कुठेही न्या. मुलगी सात वर्षांची. ती नाही म्हणाली की नाही. लागोपाठ दोन रविवार ती आली नव्हती. तिथं करमत नाही, म्हणाली. खरंच होतं. त्या घरात मलाही करमत नव्हतं. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे. वरणात मीठ राहिलं तरी वाटी संपल्यावर लक्षात येई. एवढं मात्र कळत होतं, की ती यायची कायमची थांबली तर ती मला ओळखेल, पण माझी राहणार नाही.

बेत साधा होता. तिघांनी सायकलीवर वडाळीच्या तलावाकडे जायचं. तिची सायकल माझ्याकडेच ठेवायची, म्हणजे बापासाठी नाही तर सायकलीसाठी तरी येईल.

मुलाची काळजी मी कसून घेतली. माझ्या सायकलीला मागे पट्ट्यांची खुर्ची बसवून घेतली, चाकाच्या तारांत पाय जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाळी लावली, आणि खुर्चीत दहा किलो तांदळाचा कट्टा बांधून गल्लीत तीन चकरा मारल्या. शेजारच्या काकू फाटकात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याबद्दल लोकांनी विचारायचं सोडून दिलं होतं.

मुलीच्या सायकलीपाशी मात्र घोळ झाला. दुकानदारानं उंची विचारली. मी हात आधी कमरेच्या पट्ट्यापाशी धरला, मग थोडा वर नेला. मला नक्की माहीत नव्हतं.

"पोरगी का तेवढीच रायते साहेब?" तो म्हणाला. "वाढत्या अंगाची घ्या. दोन-तीन वर्षं पाहाची गरज नाई."

मला ते एकदम पटलं. आमच्याकडे लेकराला मापाचं काही घेणं म्हणजे उधळेपणा. माझे शाळेचे बूटसुद्धा पुढे कापूस कोंबून सुरू व्हायचे आणि पायाला नीट यायला लागले की फाटायचे. मी वीस इंची चाकांची सायकल घेतली. हेल्मेटही एक नंबर मोठं घेतलं, आत रुमालाची घडी घातली.

त्या रविवारी ती आली. मामानं दोघांना सोडलं. "येतो भाऊजी, पाचले येतो घ्याले," म्हणून तो लगेच गेला. मुलीनं सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि चढली. माझी सायकल घरीच ठेवून, मुलाला पाठुंगळीला घेऊन मी एका हातानं तिची सीट धरून मागे पळत होतो. तिच्या पायांचे अंगठेसुद्धा जमिनीला लागत नव्हते. वडाळीच्या रस्त्याला एक बकरी आडवी आली, मुलीनं ब्रेक दाबला, आणि पाय टेकवायला खाली जमीनच नसल्यासारखी सायकलीसकट आडवी झाली. हेल्मेट डोळ्यांवर आलं. गुडघा सोलला. ती रडली नाही.

"पप्पा, माये पाय पुरून नाई राहिले."

"पुरतील. तू वाढशील ना."

हेल्मेट वर सारून तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण मी तं आज चालवून राहिली."

उरलेला रस्ता आम्ही पायी चाललो.

पुढच्या खेपेला तिच्या आईचा फोन आला. ती नाही म्हणते. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. तासाभरानं मीच परत लावला.

"तिच्या पायाचं माप पाहिजे," मी म्हणालो.

"कशाले?"

"सायकलीसाठी. भिंतीला पाठ लावून उभी कर. दोन्ही पायांच्या मधे एक पुस्तक वर टेकवून धर. पुस्तकापासून जमिनीपर्यंत किती ते सांग."

कित्येक महिन्यांत आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग "हालू नको वं," मग "गुदगुल्या होऊन राहिल्या आई," मग हसणं. मी फोन कानाला घट्ट धरून उभा होतो.

"एकोणीस इंच," ती म्हणाली. डोक्याचा घेरही तिनं न विचारता मोजून सांगितला. मग म्हणाली, "तुमी मोठी घेतली होती का?"

हो म्हणालो. मला लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं. माझ्यासमोर होती तेवढ्या मुलीला मी सायकल घेतलीच नव्हती. मी जिला फारसा दिसणार नाही अशा, दोन-तीन वर्षांनंतरच्या मुलीला घेतली होती.

दुकानदारानं कुरकुरत बदलून दिली. "सोळा इंची सहा महिन्यांत लहान होते साहेब, मंग मले म्हनू नका." नाही म्हणणार, म्हणालो. हेल्मेटही डोक्याच्या मापाचं घेतलं. हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटं जातात का, ते दुकानातच पाहिलं, स्वतःच्या हनुवटीवर.

सायकल बदलली, असा निरोप मी पाठवला. ती आली. बसली, आणि दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. मग सुरू झाली. चार पायडल मारायची आणि थांबायची. चार पायडल, थांबायची. खरं तर ती थांबण्याचाच सराव करत होती. दुपारपर्यंत सीट धरायला माझी गरज उरली नाही. मुलगा मागच्या खुर्चीत माझ्या पाठीवर हेल्मेट टेकवून झोपून गेला होता.

संध्याकाळी मामाची गाडी आली तेव्हा तिनं विचारलं, "पप्पा, ही मी घरी नेऊ?"

घरी म्हणजे अकोल्याला. सायकल गेली तर इथं तिच्यासाठी मी एकटाच उरत होतो, आणि माझा भाव काय होता ते मला ठाऊक होतं. "ने," मी म्हणालो. मामानं ती डिकीत आडवी घातली. झाकण लागेना, म्हणून आम्ही दोघांनी दोरीनं बांधलं.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, फोन वाजला. आजवर तिचा नकार तिची आई कळवायची. या वेळी आवाज तिचा होता.

"पप्पा, मी उद्या नाई येत. गल्लीतल्या पोरी सायकलीनं बगीच्यात चालल्या. मी बी चालली."

"थांबताना?"

"दोनी पाय टेकवतो ना."

"हेल्मेट?"

"घालतो. तुमाले राग आला?"

"नाही," मी म्हणालो. राग नव्हताच.

रविवारी मुलगा एकटा आला. त्याला खुर्चीत बसवलं, पट्टे आवळले आणि आम्ही वडाळीला निघालो. चढावर मागून आवाज आला.

"पप्पा, तुमी काऊन रडून राहिले?"

"तुई ताई सायकल चालवाले शिकली, म्हणून."