मामाचा वळसा

माझा मामा शहरातल्या जुन्या दफनभूमीत माळी होता, पण तिला दफनभूमी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "बाग म्हणा," म्हणायचा. होतीही तशीच. तळं, बाकं, मोठाली झाडं आणि थडग्यांना रेलून फोटो काढणारी मंडळी. माझं डोकं फिरायचं त्यांना बघून. मामा म्हणायचा, येऊ देत, तेवढीच सोबत.

सोबत कुणाला, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची एकुलती एक मुलगी तिथे होती. ती जन्मली आणि गेली तेव्हा मामी दवाखान्यात बेशुद्ध होती. मामाने एकट्यानेच तिला पुरलं. वर दगड ठेवला नाही. मामीला सोसवणार नाही म्हणून जागा सांगितली नाही आणि मामीही कधी विचारायला धजली नाही. एवढ्या वर्षांत पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग मामा विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग घराची गल्ली, मग मी कोण ते. मामीची झोप उडाली.

"हे विसरले तर पोर दुसऱ्यांदा जाईल रे माझी," ती मला म्हणाली.

मी दोघांना बागेत घेऊन गेलो. मामी प्रत्येक झाडाखाली विचारायची, इथे का? मामा पाहुण्याशी हसावं तसा हसायचा आणि पुढे चालायचा. मी वैतागलो होतो. एवढी मोठी बाग हवी कशाला मेल्यांना?

तेवढ्यात नवा माळी गवत कापायचं मशीन ढकलत आला. मामाने ते त्याच्या हातातून काढूनच घेतलं आणि सरळ रेषेत गवत कापत निघाला. तळ्याच्या अलीकडे, मोकळ्या गवतात, आडवं यायला ना दगड ना मूळ, तरी मशीन वळलं. परत येतानाही तिथेच वळलं. मध्ये उशीएवढं गवत उभं राहिलं.

मामीला काही सांगावं लागलं नाही. ती मटकन तिथे बसली आणि जमिनीवरून हात फिरवू लागली. मला रडू आवरेना.

पुढच्या फेरीला मामा तिच्यासमोर थांबला. परक्या बाईशी बोलावं तसा अदबीने म्हणाला, "बाई, तिथे नका बसू. आमची मुलगी आहे तिथे."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग "चुकलं हं माझं," म्हणाली आणि उठून बाजूला झाली.