तपासणीपुरतं स्टिअरिंग

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. दोन-तीनदा अगदी जिभेवर आलं होतं — आणि दर वेळी मी चहा टाकायला उठलो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी इंग्लंडमध्ये, मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. अविनाश हाउन्सलोला राहायचा, तिथल्याच एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. पुण्यात आम्ही एका गल्लीत वाढलो, त्यामुळे इथे आल्यावर शनिवार-रविवार एकत्रच जायचे. दोघांनी मिळून एक किट कार घेतली. म्हणजे नुसते सुटे भाग — गाडी आपण घरी जुळवायची. दोन सीटची, उघडी, बुटकी गाडी. दोन हिवाळे माझ्या गॅरेजमध्ये, बोटं बधिर होईपर्यंत, आम्ही ती बांधत होतो.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. स्टिअरिंग. मी लाकडी रिमचं, लहानसं, ॲल्युमिनियमच्या तीन दांड्यांचं एक स्टिअरिंग आणलं होतं. मधोमध उघडा नट. देखणं होतं — आजही म्हणेन.

"हे तपासणीत अडकणार," अविनाश म्हणाला. "आणि मधे मऊ असं काहीच नाही रे. तोंड आपटलं तर?"

"तू पेशंटना झोपव. गाडीचं माझ्यावर सोड."

त्याने सोडलं. तो तसाच आहे. एकदा विश्वास टाकला की पुन्हा विचारत नाही.

घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी सरकारी तपासणी पास व्हावी लागते. त्या दिवशी अविनाशची ड्युटी होती, म्हणून मी एकटाच गेलो. तपासनीस पिकल्या केसांचा, शांत माणूस होता. दिवे, ब्रेक, सीटचे पट्टे, सगळं त्याने बारकाईने बघितलं. मग तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मी त्याच्या हातांकडे बघत उभा होतो. त्याने अंगठा त्या नटावर टेकवला.

"धडक बसली तर तुमचा चेहरा इथे येणार," तो म्हणाला. पत्ता सांगावा तसं.

गाडी नापास. कारण तेवढं एकच.

त्या वेळी अविनाशला फोन करून 'तुझं बरोबर होतं' म्हणायला मला काय झालं होतं? तीन शब्द. मला ते जमले नाहीत. मी सांगितलं, तपासणीची तारीख पुढे गेली. मग भंगारातून एका जुन्या गाडीचं जाडजूड, मऊ गादीचं स्टिअरिंग आणलं, ते बसवून पुन्हा गेलो. तपासनीसाने ते दाबून पाहिलं, मान हलवली, सही केली. परतताना पेट्रोल पंपामागे गाडी उभी केली, पाना काढला आणि लाकडी स्टिअरिंग परत चढवलं. मी शीळ घालत होतो.

संध्याकाळी अविनाश आला. रिमवरून हात फिरवत म्हणाला, "म्हणजे हे चाललं?"

"चाललं."

"मग मीच उगाच घाबरत होतो."

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, तो एकटाच फेरी मारायला गेला. राउंडअबाउटवर पुढची व्हॅन अचानक थांबली. वेग फार नव्हता. पट्टा लावलेला होता. तरी त्याचा चेहरा पुढे आदळला — कुठे, ते तुम्हाला कळलंच असेल.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी नीलिमाशेजारी, त्याच्या बायकोशेजारी बसलो होतो. गालाचं हाड चुरलं होतं, डोळ्याची खोबण फुटली होती. ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात संशय नव्हता. कशाला तरी धरून राहायचं होतं तिला, एवढंच.

"मिलिंद, ते स्टिअरिंग पास झालं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "पास झालं होतं." आणि तिचा हात हातात घेतला. तोही घेतला मी.

डोळा वाचला. पण त्याला एकाच्या दोन गोष्टी दिसायला लागल्या. ऑपरेशनं झाली, चष्मे झाले, फरक पडला नाही. सुई शिरेत घालायची तर शीर एक दिसायला हवी. ऑपरेशन थिएटर सुटलं. त्याच हॉस्पिटलात तो इतरांच्या ड्युट्यांची वेळापत्रकं लावू लागला. गाडी पुन्हा कधी चालवली नाही. "मीच व्हॅनच्या फार जवळ होतो," तो सांगायचा, आणि मी ऐकून घ्यायचो.

मऊ स्टिअरिंग असतं तर हाड वाचलं असतं? माहीत नाही. या 'माहीत नाही'च्या आडोशाला मी पुष्कळ वर्षं काढली. पण तपासनीसाचा अंगठा कुठे टेकला होता, ते मला माहीत होतं. फक्त मलाच.

दर वर्षी गणपतीत आम्ही काही मराठी कुटुंबं एकत्र जेवतो. कुणी नवीन आलं की अविनाश अपघाताची हकिकत सांगतो आणि शेवटी माझ्याकडे बोट करतो. "याने गाडी चोख बांधली होती, म्हणून मी आज तुमच्यासोबत जेवतोय." मी ताटात बघत राहतो. पण एका वर्षी मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पहिल्याच तपासणीत पास झाली होती."

अविनाश कौतुकाने हसला. नीलिमाने मला आणखी भात वाढला.

मला कुणीही काही विचारलं नव्हतं.