खोक्यातला मका

आधी माफी मागतो. मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे मीही फारसं काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्या नात्यातलाही मी नव्हे. पण "आलंय तर टाकायचं कसं?" हे त्यांचं वाक्य कानातून जात नाही, म्हणून हे धाडस.

काका मोहालीत, एअरोसिटीजवळच्या एका सोसायटीत एकटे राहायचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन चंदीगडला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मी हिंगोलीकडचा, जवळच्याच खरड गावातल्या कॉलेजात शिकत होतो. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "कुठला रे तू?" गाव सांगितल्यावर म्हणाले, "रविवारी ये, भाकरी खायला." काकू गेल्यापासून भाकरी ते स्वतःच थापायचे. त्यांच्या भाकरीला माझ्या आईनेही नाव ठेवलं नसतं.

तुमच्याही पाहण्यात असे गृहस्थ असतील, पंजाबात अर्धं आयुष्य काढून मक्याच्या रोटीचा तुकडा न मोडलेले. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी दर थंडीत सरसोंचा साग आणि मक्याच्या रोट्या पाठवायच्या. काका साग ठेवून घ्यायचे आणि रोट्या वॉचमनला द्यायचे. 'आलंय तर टाकायचं कसं' हा नियम रोट्यांना लागू नव्हता. आंटींना सगळं माहीत होतं. त्या विचारायच्या, "भाईसाब, मक्की ने आपका क्या बिगाड़ा है?" काका म्हणायचे, पचत नाही जी. मला हळूच सांगायचे, आपल्याकडे मका गुरांना घालतात.

त्यांचा मुलगा अमेरिकेत. त्याने तिथल्याच मुलीशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा काका फोनवर म्हणाले होते, "तिला आपलं काय चालणार, आणि आपल्याला तिचं काय चालणार?" मुलगी तेव्हा शेजारीच बसली होती, आणि मुलाने तिला अर्थ सांगितला होता. लग्नाला काका गेले नाहीत, म्हणून काकूही गेल्या नाहीत. पुढे काकू वारल्या. त्यानंतर बापलेकांचं फोनवरचं बोलणं हवामान आणि गुडघा यांच्यावरच चालायचं.

आणि एके दिवशी मुलाच्या ओळखीच्या कुणीतरी एक पिशवी आणून दिली. आत बदाम होते आणि एक पिवळं खोकं. सुनेने पाठवलेलं.

काकांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, तरी खोकं त्यांनी माझ्याकडे दिलं. मी वाचून सांगितलं की हे तयार पीठ आहे, दूध आणि अंडं घालून भाजायचं, की मक्याचा पाव होतो.

"म्हणजे मकाच," काका म्हणाले.

"हो."

त्यांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "तिच्या माहेरचा पदार्थ असणार. आलंय तर टाकायचं कसं?"

अंड्याऐवजी दही घातलं. ओव्हन नव्हता, म्हणून कुकरची शिट्टी काढून तळाशी मीठ पसरलं आणि त्यावर डबा ठेवला. पहिला पाव मधोमध खचला. काकांनी मडकं पारखावं तसं त्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे."

खरा प्रश्न तोंडी लावायला काय, हा होता. खोक्यावरच्या चित्रात पिवळ्या तुकड्याशेजारी एका वाडग्यात लाल काहीतरी होतं. मला ती मिसळ वाटली. आंटी आल्या, चष्मा लावून बघितलं आणि निकाल दिला, राजमा. मी मोबाइलवर शोधलं तर तो मांस घातलेला घेवड्याचा रस्सा निघाला. काकांना मी चाचरतच सांगितलं. ते म्हणाले, "त्यातला घेवडा तेवढा आपला." आंटींनी घरून राजमा आणला, एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, रोटी आहे तर गोड का, केक आहे तर राजमा का?

पुढच्या रविवारी पिठलं करून पाहिलं, नंतर ताक, नंतर साग. ठेच्याबरोबर सगळ्यात बरं लागलं. पण ठेच्याबरोबर ते रिकामं खोकंसुद्धा बरं लागलं असतं.

काकांनी फोटो काढून सुनेला पाठवला आणि खाली काय लिहू म्हणून मला विचारलं. मी सुचवलं, फार छान झालंय, सगळ्यांना आवडलं. सुनेने उत्तरादाखल लाल बदामाचं चिन्ह पाठवलं. महिन्याभराने आणखी खोकी आली.

अशी ती थंडी गेली. काकांना तो पाव आवडत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. घास तोंडात गेला की ते भिंतीकडे बघायचे. एकदा धीर करून म्हणालो, काका, नाही आवडत तर सोडा ना, तिला कुठे कळणार आहे?

"आवडायचा प्रश्न नाही रे," ते म्हणाले. "तिच्या घरी जायचंय मला. पहिल्याच जेवणाला तिने हे वाढलं आणि माझं तोंड वाकडं झालं तर? एकदा केलंय मी ते. फोनवर."

त्यानंतर मी मुकाट्याने खात गेलो.

उन्हाळ्यात ते मुलाकडे अमेरिकेला गेले. शेवटचं उरलेलं खोकं मला देऊन गेले. त्यांचा इथला नंबर बंद झाला. मला मोहालीत नोकरी लागली, ते कळवायचंही राहिलं. अनोळखी सुनेला मेसेज करणं मला बरं दिसेना.

परवा आंटींचा फोन आला. म्हणाल्या, "तेरे अंकल का फोन आया था. पूछ रहे थे, मक्की की रोटी कैसे बनती है."

मला वाटलं, त्या चेष्टा करताहेत. मग त्यांनी सगळं सांगितलं. सुनेच्या घरी तो पाव कोणीच खात नाही. तिच्या माहेरीही कधी झाला नव्हता. पहिल्या जेवणाला काकांनीच तो मागितला, तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा केला. तिने कुठेतरी वाचलं होतं की पंजाबात लोक मका खातात. सासरे एकटे आहेत, आपल्या देशातलं त्यातल्या त्यात जवळचं म्हणून तिने ती खोकी पाठवली होती. आता तिला त्यांच्या हातची खरी रोटी खायची होती.

मी विचारलं, मुलाने तिला सांगितलं नाही?

"बेटे को क्या पता, बाप क्या खाता है," आंटी म्हणाल्या.

त्यांनी काकांना फोनवर सगळं समजावलं. पाणी गरम घ्या, पीठ चांगलं मळा, लाटू नका, थापा. सोबत काय करणार, सरसों तर मिळणार नाही, असंही विचारलं. काका म्हणाले, डब्यातला राजमा आणलाय. फ्लॅट विकायचा आहे, कोणी गिऱ्हाईक असेल तर बघा, हेही जाता जाता म्हणाले.

मग आंटी म्हणाल्या, काका बोलत असताना मागून थापण्याचा आवाज सारखा येत होता.

"और फोन तो बेटा, उनके हाथ में था."