सुलभाला संघातून काढू कशी?

मोबाइलवरच्या आपल्या बास्केटबॉल गेमच्या मंडळींनो, सकाळपासून जिवाला चैन नाही.

नवा नियम तुम्हीही वाचला असेल. कॉलेजच्या संघात आता बाराऐवजी आठच खेळाडू. तीन मुली काढल्या. चौथी सुलभा, सगळ्यात कच्ची. पण तिच्या नावाशी बोट अडतंय.

सून हसली, "आई, ती खरी हाय का? लय विचार करायलात तुमी! दाबा की बटण."

खरी होती. माझ्या खेळाडूंना मी शाळेतल्या मैत्रिणींची नावं दिलीत, एकीला माझं स्वतःचं. सुलभा पिंगळीहून रेल्वेने आमच्या कॉन्व्हेंटला यायची. सामन्यात तिला कधीच उतरवलं नाही. पण रोज सरावाला ती मला अडवायची, आणि तिला चुकवता चुकवताच मी खेळायला शिकले.

गेममध्ये सराव आपोआप होतो. खऱ्या मैदानात सरावाला समोरही पाच जणी लागतात. आठांत त्या कुठून आणायच्या?

शेवटी सुलभाला ठेवलं आणि माझ्या नावाची खेळाडू काढली. उद्याच्या सामन्यात माझ्या जागी सुलभा उतरेल, पहिल्यांदाच.

हरणार बहुतेक. तुम्ही कुणाला काढलंत?