आपली उपस्थिती हाच आहेर

माझ्या मुलीची सहा गाणी अजून रेकॉर्ड झालेली नाहीत, याचं कारण माझं उत्तम मराठी.

नाशिकमधल्या आमच्या कॉलनीत लग्न, मुंज, वास्तुशांत, एकसष्टी, कुठल्याही पत्रिकेचा मजकूर मीच लिहितो. नोकरीत आयुष्यभर सरकारी पत्रांचे मसुदे केले, त्यामुळे हात बसलेला. लोक म्हणतात, ‘काका, दोन ओळी टाकून द्या.’ मी दहा टाकतो.

मुलगी मुक्ता गाते. गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः लावते. मध्यंतरी एका मोठ्या कंपनीनं तिला विचारलं होतं. अट एकच, गाण्यांचे हक्क कायमचे त्यांचे. तिनं सरळ नाही म्हणून सांगितलं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

‘अगं, मग खाणार काय?’

‘लोक मोबाइलवर ऐकतात, त्याचे थोडे येतात.’

‘थोडे म्हणजे?’

‘वर्षाचे साठवले तर सायकल येईल. जुनी.’

‘आणि बाकी?’

‘शिकवण्या आहेत, शनिवारी वायनरीत गाते. पण खरी मिळकत बैठकीत, बाबा. प्रवेश फुकट. दाराशी डबा आणि क्यूआर कोड. गाणं ऐकून ज्याला जे वाटेल ते त्यानं द्यायचं. पुण्यात दोनदा केलंय. लोक मनापासून देतात.’

तशीच बैठक तिनं आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये ठरवली. त्या पैशांत सहा नवी गाणी रेकॉर्ड करायची होती. स्टुडिओवाल्यानं तिच्यासाठी तारखा धरून ठेवल्या होत्या, पण फक्त सोमवारपर्यंत. ‘एवढं जमलं की गाणी माझीच राहतील,’ ती म्हणाली. इतकी खूश मी तिला दहावीच्या निकालालाही पाहिलेली नव्हती (तो निकालही तसाच होता म्हणा).

‘निमंत्रण मी लिहितो,’ मी म्हणालो.

‘लिहा. पण शेवटी एवढं नक्की टाका, की प्रवेश विनामूल्य, स्वेच्छेनं द्यावं.’

मी लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासले. मुक्ता तालमीत होती, म्हणून तिला न दाखवताच सगळ्या कॉलनीला आणि नातेवाइकांना पाठवून दिलं. शेवटी, सुंदर चौकटीत, ओळ होती : ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. कृपया आहेर अथवा पुष्पगुच्छ आणू नयेत.’

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती!

रविवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. एरवी असं छापलं तरी लोक खिशात पाकीट ठेवूनच येतात. त्या दिवशी मात्र कॉलनीनं माझं लिहिलेलं प्रथमच पाळलं. बायकांनी तेवढी पळवाट काढली. ‘आहेर नको म्हटलंय, ओटी नको कुठं म्हटलंय?’ असं म्हणत त्यांनी मध्यंतरात मुक्ताची ओटी भरायला सुरुवात केली. सतरा नारळ झाले. तबलजीला डग्गा ठेवायला जागा उरेना.

मी दाराशी उभा होतो. क्यूआर कोडच्या कागदावर गुलाबपाण्याचं तबक ठेवलं होतं, शोभेसाठी. तेवढ्यात माझे मेहुणे आले, सायखेड्याचे. हातात घडी केलेल्या नोटा.

‘दाजी, पोरगी लय गोड गाती. हे कुठं टाकू?’

‘अहो, लाजवता काय! घरचं कार्य आहे.’

‘पण हितं डबा हाय ना?’

मागं आठ-दहा माणसं ऐकत उभी. माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘तो सूचनांचा आहे.’

‘आसं व्हय,’ म्हणून मेहुण्यांनी नोटा खिशात घातल्या आणि पेन मागितलं. बातमी हॉलभर पसरली. आमची कॉलनी सूचनांच्या बाबतीत कधीच हात आखडता घेत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुक्तानं डबा उघडला. काठोकाठ भरलेला पाहून तिचा चेहरा उजळला, आणि तो मी पाहिला. मग तिनं एकेक चिठ्ठी वाचली. ‘माइक कमी ठेवावा.’ ‘वड्यात मीठ कमी.’ ‘पार्किंगची सोय हवी.’ मेहुण्यांची चिठ्ठी मोठ्या अक्षरात होती : ‘पोरीला पैशे द्यायची कायतरी सोय ठेवा.’

ती आधी खूप हसली. मग हसू थांबलं. मोबाइलवर आलेलं माझं निमंत्रण तिनं शेवटपर्यंत वाचलं.

‘बाबा, हे सवयीनं लिहिलं गेलं ना?’

‘हो गं,’ मी म्हणालो. ‘हात बसलेला.’

हे खोटं होतं. ‘स्वेच्छेनं द्यावं’ ही ओळ मी आधी लिहिली होती. मग पाहत बसलो आणि खोडली. लोक काय म्हणतील, पेन्शन असताना मुलीला गायला बसवून पुढं डबा ठेवला म्हणून, हे माझ्या मनात आलं. तिनं मेहनतीनं कमावलेलं मला भीक मागितल्यासारखं वाटलं, याची आता शरम वाटते. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

सोमवारी स्टुडिओच्या तारखा दुसऱ्याला गेल्या. पेन्शनमधून पैसे देऊ केले, तर ‘राहू द्या’ म्हणाली. तबलजीचं मानधन तिनं शिकवण्यांतून दिलं. घरी महिनाभर नारळाच्या वड्या होत्या. मला एकही गोड लागली नाही.

शेवटी मी विचारलं, ‘मी काही करू शकतो का?’

‘माझी गाणी मोबाइलवर ऐका,’ ती म्हणाली. ‘जितक्या वेळा ऐकाल, तितके चार पैसे येतील. लिहू मात्र काही नका.’

तेव्हापासून मी सकाळी फिरताना, भाजी निवडताना, दुपारी झोपतानासुद्धा तिची गाणी लावून ठेवतो. तीन महिन्यांत दोनदा चार्जर बदलला. परवा मोठ्या अभिमानानं मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं गाण्याखालचं नाव वाचलं.

‘बाबा, हे चॅनेल माझं नाहीये. कुणीतरी माझी गाणी उचलून स्वतःच्या नावावर टाकलीयत.’

तो कोण, कुठला, मला माहीत नाही. पण तीन महिने अखंड, मनापासून आणि स्वेच्छेनं मी एका कलावंताला पैसे मिळवून दिले, तो हाच.